इतिहासकार दिवाण : रमेशचंद्र दत्त

बडोदे संस्थानच्या दिवाणांच्या नामावलीत दोन नावे अशी आहेत की, ज्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा सबंध देशाला शिकविली. पहिले दादाभाई नौरोजी. ते १८७४ साली अल्पकाळ येथे दिवाण होते. दुसरे रमेशचंद्र दत्त. बडोद्याच्या जुन्या घराण्यांतही दत्तांचे नाव आज क्वचितच निघते, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे उचित वाटते.

दत्तांचा जन्म १८४८ साली कलकत्त्यास झाला. १८६८ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी व बिहारीलाल गुप्त या दोन मित्रांसह, घरच्यांना न कळविता, ते विलायतेस निघाले. पुढील वर्षी सनदी परीक्षेत त्यांचा तिसरा क्रमांक आला आणि १८७१ साली ते नोकरीत रुजू झाले. बंगालमधील दुष्काळ आणि १८७६ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेला दख्खिन शहाबाजपूरचा किनारा त्यांनी मदतकार्याच्या निमित्ताने जवळून पाहिला. शेतकऱ्याची अवस्था त्यांना प्रथम कळली ती ग्रंथांतून नव्हे, अशी प्रत्यक्ष फिरून.

लेखणी मात्र त्यांनी कधी खाली ठेविली नाही. शिवकालावरील ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही बंगाली कादंबरी, ऋग्वेदाचा बंगाली अनुवाद आणि प्राचीन भारतीय संस्कृतीचा तीन खंडांतील इंग्रजी इतिहास ही सर्व निर्मिती त्यांनी सरकारी सेवेत असतानाच केली. १८९७ साली त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली, ती मोकळेपणाने बोलता व लिहिता यावे म्हणून. १८९९ साली लखनौच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

त्याच सुमारास छपन्नचा भीषण दुष्काळ पडला. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, ती १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आली. दत्तांनी लॉर्ड कर्झन यांना जाहीर पत्रे लिहून प्रतिपादिले की, पाऊस न पडणे हे दैवाचे काम असेल, परंतु एका वर्षाच्या अवर्षणाने माणसे मरतात ती घरात काही शिल्लक नसते म्हणून. आणि शिल्लक नसण्याचे मोठे कारण जबर व अनिश्चित सारा हे होय. कर्झनशाहीने १९०२ च्या जानेवारीत दीर्घ ठराव काढून हे म्हणणे खोडण्याचा प्रयत्न केला. दत्तांनी उत्तर दिले ते इतिहास लिहून. १९०२ व १९०४ साली प्रसिद्ध झालेले त्यांच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड मुख्यतः सरकारच्याच अहवालांवर व साक्षींवर उभे आहेत. राज्यकर्त्यांच्याच दप्तरातून त्यांनी रयतेची बाजू मांडली.

येथवर दत्त हे टीकाकार होते. टीकाकाराची खरी कसोटी लागते ती कारभार त्याच्या हाती येतो तेव्हा. १९०४ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना महसूलमंत्री म्हणून पाचारण केले. म्हणजे ज्या साऱ्यावर त्यांनी आयुष्यभर लिहिले, तो वसूल करण्याची जबाबदारीच त्यांच्यावर आली! दत्तांनी ती नाकारली नाही. जातिपरत्वे व धंदेपरत्वे घेतले जाणारे नाना प्रकारचे वेरे काढून त्यांच्या जागी उत्पन्नावर एकच कर बसविण्याचे काम संस्थानात आधीच सुरू झाले होते. ते त्यांच्या कारकीर्दीत पुढे गेले. ग्रामपंचायतींपासून वरच्या मंडळांपर्यंत लोकांना कारभारात वाटा देण्याची व्यवस्था याच काळात आकारास आली. महाराजांचे सक्तीचे प्राथमिक शिक्षणही १९०६ साली सबंध संस्थानास लागू झाले.

या सर्वांचे श्रेय एकट्या दत्तांस देणे अन्यायाचे होईल; पाया महाराजांचा होता. तसेच त्यांनी पुरस्कारिलेला कायमधारा काही येथे आला नाही. रयतवारी पद्धतच राहिली. ग्रंथातले सारेच सिद्धांत दप्तरात उतरत नाहीत. परंतु साऱ्याच्या आकड्यामागे माणूस आहे, हे ज्याने आधी जाणले, तो अधिकारी आकडा लिहिताना क्षणभर थांबतो. दत्तांचे मोल त्या थांबण्यात आहे.

१९०७ साली ते विकेंद्रीकरण कमिशनचे सदस्य म्हणून गेले आणि १९०९ साली दिवाण होऊन परतले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी बडोद्यातच, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आपणा महाजन मंडळींच्या हातीही पिढ्यान्‌पिढ्या देवस्थानच्या वह्या, जमिनी व खंड यांचा हिशेब राहिलेला आहे. हिशेब चोख असावा, हे आपल्या वाडवडिलांनी शिकविले. तो देणाऱ्याची स्थिती ओळखूनही लिहावा, हे दत्तांच्या चरित्रावरून शिकावे. देवाच्या दारी दोन्ही गोष्टींची नोंद होते, अशी आपली श्रद्धा आहे.