‘ग्रे’ : एका विशेषणाचा नारपोलीपर्यंतचा प्रवास

भिवंडीच्या नारपोलीत यंत्रमागावरून उतरलेल्या कापडाला ‘ग्रे’ म्हणतात. ताका उलगडून पाहिला तर तो करडा मुळीच नसतो. सुती असेल तर पिवळसर, कृत्रिम धाग्याचा असेल तर जवळजवळ पांढरा. मग या विशेषणाने नेमके काय सांगितले जाते?

इंग्रजीतील ‘ग्रे’ हा जर्मानिक कुळातला जुना रंगवाचक शब्द. जर्मनमधील ‘ग्राउ’ हा त्याचा भाऊबंद. कापडाच्या संदर्भात मात्र आणखी एक शब्द पुढे केला जातो, तो फ्रेंचमधून आलेला ‘ग्रेझ’. त्याचे मूळ इटालियन ‘ग्रेज्जो’, म्हणजे कच्चा; तो कच्च्या रेशमाविषयी वापरला जाई. ‘ग्रे कापड’ हा या ‘ग्रेझ’चाच अपभ्रंश, असे मानण्याचा मोह होतो. कालक्रम त्याला साथ देत नाही. ‘ग्रेझ’ इंग्रजीत रुळला तो विसाव्या शतकात. हिंदुस्थानच्या आयातीच्या तक्त्यांत मात्र ‘ग्रे, पांढरे आणि रंगीत’ ही कापडाची वर्गवारी एकोणिसाव्या शतकातच आढळते. तेथे ‘ग्रे’ म्हणजे जे अद्याप पांढरे केलेले नाही ते. 1930 च्या कापडउद्योग संरक्षण कायद्यातही साध्या ‘ग्रे’ मालासाठी पौंडामागे किमान साडेतीन आणे आयातकर होता. रंगाचे विशेषण असे कायद्याची संज्ञा बनले.

भिवंडीत यंत्रमाग आले तेही 1930 च्या दशकात. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर कापडविणीचे बरेचसे काम येथील मागांकडे वळले. खळ काढणे, धुणे, रंगविणे, छापणे हे संस्कार पुढच्या कारखान्यांत होतात. मागावरचा माणूस ‘ग्रे’पाशीच थांबतो.

मराठीत या अर्थाचा शब्द नव्हता असे नाही. ‘कोरे’ कापड म्हणजे ज्याला पाणी लागलेले नाही ते. ‘कोरा’ या शब्दात नवेपणाचा मान आहे. ‘ग्रे’ या शब्दात अपुरेपणाची नोंद आहे. पहिला शब्द वस्तू वापरणाऱ्याचा, दुसरा तिच्यावर पुढील प्रक्रिया करणाऱ्याचा. बाजारात दुसरा टिकला, यात नवल नाही.

इंग्रजी साहित्य शिकताना ‘ग्रे’ म्हणजे उदास, धूसर, अनिश्चित, असे आपण शिकतो आणि शिकवितो. त्या सवयीने कापडाविषयीच्या मजकुरात कोणी ‘करडे कापड’ असा अनुवाद केला, तर तो कोशाला धरून असूनही चुकीचा ठरेल. वाक्यातून तेवढा रंगच चुकतो असे नाही. ज्याने ते कापड विणले, त्याचे काम कोठे संपले आणि दुसऱ्याचे कोठे सुरू झाले, ही खूणही पुसली जाते. शब्दाचा अर्थ कोशात शोधावा हे खरेच. पण तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, हेही पाहिले पाहिजे. नारपोलीतील ‘ग्रे’ आम्हांला एवढे शिकवितो.