४९ दिवस न हललेली गाडी

लीन म्हटलं की कारखाना आठवतो. सुटे भाग वेळेवर, गोदामात साठा कमी. पण इंजिनिअरिंग प्रोजेक्टमध्ये साठा असतो तरी कुठे? कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत टेबलावर पडलेल्या ड्रॉइंगमध्ये. आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी गोची.

टोयोटाची प्रियस घ्या. ताकेशी उचियामादा यांची चीफ इंजिनिअर म्हणून ही पहिलीच गाडी. १९९५च्या अखेरीस चाचणीची गाडी तयार झाली आणि तब्बल ४९ दिवस जागची हललीच नाही! इंजिन, मोटर, बॅटरी, सॉफ्टवेअर... चूक नेमकी कुणाकडे? त्यात कंपनीला १९९७ संपायच्या आत गाडी विकायला हवी होती.

उचियामादांनी वेगवेगळ्या विभागांच्या लोकांना एका खोलीत एकत्र बसवायला सुरुवात केली. या पद्धतीला म्हणतात ओबेया. शब्द भारी वाटतो ना? जपानीत अर्थ फक्त 'मोठी खोली'! बॅटरीवाल्याची अडचण इंजिनवाल्याला समोरासमोर कळायची, निर्णय तिथेच व्हायचा, फाइल या विभागातून त्या विभागात फिरत बसायची नाही. एकट्या खोलीने गाडी धावली असं मी म्हणणार नाही, रात्रंदिवस राबणारी माणसंही होती. पण वाट बघण्यात जाणारे दिवस वाचले.

डिसेंबर १९९७मध्ये प्रियस जपानमध्ये विक्रीला आली.