अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय? चोळून आत जाणार नाही, आधी पायताण तपासा

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला टणक गाठ दिसू लागते. चप्पल घासते, जागा लाल होते, दिवसभर उभं राहिलं की ठणकते. मग ‘हाड वाढलंय’ म्हणत कुणी तेल चोळतं, कुणी लेप बांधतं, कुणी कुरूपाची पट्टी चिकटवतं. डॉक्टर याला ‘बनियन’ म्हणतात. अंगात घालायच्या बनियनशी त्याचा संबंध नाही.

नेमकं काय होतं?

हाड वाढण्यापेक्षा ते जागेवरून सरकलेलं असतं. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि त्यामागचं हाड आतल्या बाजूला सरकतं. त्या सांध्याचा कोपरा बाहेर येतो, तीच ही गाठ. म्हणून चोळून ती बसत नाही.

घरात आई-आजीला असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता जास्त असते. सपाट तळवे आणि आमवात हीही कारणं आहेत. पुढून निमुळते, उंच टाचेचे बूट-सँडल त्रास वाढवतात. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये हे प्रमाण जास्त दिसतं.

घरी काय करता येईल?

▪ कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहा आणि पायाभोवती पेन्सिलने रेघ मारा. तो आकार कापून बुटाच्या तळाशी लावून बघा. कागद बाहेर आला, तर बूट अरुंद आहे.
▪ चप्पल-बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो. पुढून रुंद, मऊ आणि कमी टाचेचं पायताण निवडा. पट्टा गाठीवर येता कामा नये.
▪ दुखत असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा.
▪ अंगठ्याच्या दाबाने शेजारच्या बोटात जोडवी रुतत असतील, तर काढून ठेवा.

बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे किंवा रात्री बांधायचा पट्टा यामुळे आराम पडू शकतो. मोठ्या माणसाचं वाकडं बोट त्याने कायमचं सरळ होत नाही.

मधुमेह असेल तर जपून

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. चप्पल घासून जखम झाली तरी कळत नाही आणि ती चिघळू शकते. अशांनी रोज रात्री पाय नीट बघावेत, तळव्यासाठी आरसा वापरावा. कुरूपाच्या पट्टीत कातडी जाळणारं ॲसिड असतं. ती लावू नये, ब्लेडने गाठ खरवडू नये.

दवाखान्यात कधी जायचं?

जखम, पू, ताप किंवा बधिरपणा असेल तर थांबू नका. एका रात्रीत सांधा लाल, गरम होऊन असह्य ठणकत असेल, तर तो ‘गाऊट’ किंवा सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात.

पायताण बदलूनही चालणं अवघड होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उभं राहून एक्स-रे काढतात. ऑपरेशनमध्ये बहुधा हाड कापून सरळ रेषेत बसवतात. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, सूज काही महिने राहू शकते. त्यामुळे पेरणी-काढणीचे दिवस डॉक्टरांना आधीच सांगून तारीख ठरवा. नुसतं दिसायला वाईट म्हणून ऑपरेशन करू नये. दुखत नसेल तर रुंद चप्पल पुरते.