गावात नसलेल्या माणसांची गणती

लॅन्सडाउनच्या पोस्टिंगमध्ये सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत पायी भटकायची सवय लागली. पाच-सहा घरांची वाडी, त्यातल्या चारांना कुलूप. वाटेत गवताचे भारे वाहणाऱ्या बायका भेटत. पुरुष भेटलाच तर तो बहुधा पेन्शनर. ‘हे तर आपलं कोकणच!’ असं मनात येई. पुढे जनगणनेचे आकडे पाहिले आणि तो नुसता भास नव्हता हे कळलं.

लॅन्सडाउन ज्या पौडी गढवाल जिल्ह्यात येतं, त्याची लोकसंख्या २००१ मध्ये ६,९७,०७८ होती. २०११ मध्ये ती ६,८७,२७१ झाली. शेजारचा अल्मोडाही ६,३०,५६७ वरून ६,२२,५०६ वर आला. त्याच दहा वर्षांत देश मात्र साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढला. पौडीत दर हजार पुरुषांमागे ११०३ स्त्रिया, अल्मोड्यात ११३९. याचा अर्थ तिथे मुली जास्त जन्मतात असा नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत मुलींची संख्या कमीच आहे. पुरुष बाहेर गेले, म्हणून स्त्रिया जास्त दिसतात.

याची सुरुवात जुनी आहे. १८१५ मध्ये गुरख्यांचा पराभव करून इंग्रजांनी पूर्व गढवाल ताब्यात घेतला. १८८७ मध्ये गढवाली पलटण उभी राहिली आणि कालुडांडा इथे आली. १८९० मध्ये त्या जागेचं नाव लॅन्सडाउन झालं. डोंगरउतारावरची चिंचोळी, पावसावर अवलंबून शेतं घराला पुरत नव्हती. पलटणीचा पगार रोख होता. १९१४ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये फेस्टुबर्टजवळ दरवान सिंग नेगी यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तोवर फौजेत जाणं ही घरोघरची रीत झाली होती.

त्या पिढ्यांत पुरुष एकटा जाई. घर, गुरं, शेत बाई सांभाळी आणि मनीऑर्डरची वाट पाही. गावात माणसं कमी असली तरी चूल पेटत होती. नंतर मुलांच्या शाळेसाठी बायकाही कोटद्वार, डेहराडून, दिल्लीकडे गेल्या आणि घराला कुलूप लागलं. २०११ च्या जनगणनेत उत्तराखंडमध्ये हजाराहून अधिक गावं निर्मनुष्य नोंदली गेली.

आपल्या रत्नागिरीचा हिशेब वेगळा नाही. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, आणि दहा वर्षांत लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर. तिथे पलटणीच्या जागी मुंबईची गिरणी होती, एवढाच फरक.

आता उलटं टोक पाहा. लेह जिल्ह्यात २०११ च्या गणतीत हजार पुरुषांमागे ६९० स्त्रिया होत्या. गणती माणूस जिथे राहतो तिथे होते. तिथले जवान आणि बाहेरून आलेले मजूर लेहच्या आकड्यात धरले गेले. म्हणजे पौडीच्या किंवा रत्नागिरीच्या गावात जो कमी भरतो, तो कुठल्या तरी सीमेवरच्या जिल्ह्यात जास्तीचा भरतो. आपण फौजी लोक या दोन्ही रकान्यांत आहोत.

म्हणून निवृत्त होणाऱ्या मित्रांना एकच सांगतो. प्लॉट शहरात जरूर घ्या, पण गावच्या घराचं कुलूप वर्षातून चार महिने तरी उघडा. पौडीतल्या त्या वाड्यांना रस्ता, वीज मिळाली, तरी माणसं परतली नाहीत. गाव ओस पडतं ते एका दिवसात नाही, एकेका कुलपाने पडतं.

जय हिंद.