स्टिअरिंगवरच्या दिव्याची कुळकथा

स्वतः चालणारी गाडी मधेच ‘आता तुम्ही सांभाळा’ म्हणते. या इशाऱ्याचं घराणं स्वयंचलित मोटारींपेक्षा जुनं आहे. त्याचा मूळपुरुष म्हणजे एक बिनआकड्यांचं घड्याळ.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकणारे रडारवाले पडद्याला डोळे लावून बसत, तरी ठिपका नजरेतून निसटे. असं का होतं, हे तपासायला केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी कोऱ्या तबकडीवर एकच काटा फिरवला. तो दर सेकंदाला एक टप्पा सरके आणि क्वचित, अवचित दोन टप्पे उडी मारी. उडी दिसली की कळ दाबायची, एवढंच काम, पण दोन तास. अर्धा तास होतो न होतो तोच माणसं उड्या हुकवू लागली. हा प्रयोग 1948 साली छापून आला. नुसतं बघत बसण्याइतकं कंटाळवाणं काम माणसाकडून नीट होत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही रात्रपाळीच्या वॉचमनने फुकटात सांगितलं असतं, हा भाग वेगळा.

मग घंटा वाजवा! पण 29 डिसेंबर 1972 च्या रात्री मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या 401 क्रमांकाच्या विमानात इशारा वाजला होता. पुढचं चाक उतरल्याचा दिवा लागेना म्हणून वैमानिक त्या बल्बशी झटत होते. ऑटोपायलटने 2,000 फुटांची उंची सोडल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. उंची घटल्याचा सूर वाजला तो फ्लाइट इंजिनिअरच्या जागेपाशी, आणि तो तर चाक बघायला खालच्या कप्प्यात उतरलेला. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. बल्ब तेवढा गेला होता.

1983 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसान बेनब्रिज यांनी या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं: सोपं ते यंत्र करणार, अवघड ते माणसाच्या गळ्यात पडणार, आणि हात चालता नसल्याने तो ऐनवेळी कच्चा ठरणार.

मोटारीत हा धडा उतरला तो 2017 मध्ये, कॅडिलॅक सीटी6 या गाडीत. स्टिअरिंगमागचा इन्फ्रारेड कॅमेरा चालकाचा चेहरा न्याहाळतो. स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर दिव्याची पट्टी: सगळं ठीक असेल तर हिरवी, नजर भरकटली की तीच लुकलुकते, ताबा घ्यायचा झाला तर लाल. इशारा हात जिथे यायला हवेत तिथेच लागतो, ही त्यातली खरी हुशारी. संयुक्त राष्ट्रांच्या 2020 च्या नियमाने तर ताबा घ्यायला चालकाला साधारण 10 सेकंद देऊ केले.

हात लगेच येतात. रस्त्यावर काय चाललंय ते उमगायला मात्र वेळ लागतो. म्हणून कोणत्या बाजूला बघायचं हेही सुचवावं, असा विचार पुढे आला: आवाज किंवा थरथर, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. 2017 मध्ये डेल्फ्ट आणि म्युनिकच्या संशोधकांनी सिम्युलेटरमध्ये हे करून पाहिलं. आधी काहीच न सांगितलेल्या चालकांनी दिशा मनावर घेतलीच नाही. इशारा कुठूनही येवो, बहुतेकांनी समोरच्या गाडीला तिकडच्या सवयीने डावीकडूनच ओव्हरटेक केलं.