हातोदची काचपेटी आणि इंदूरचे खत

हातोदच्या घरात मासे पाळणाऱ्याला पाण्याचे रसायन समजून घ्यायचे असेल, तर त्याने आधी शेजारच्या इंदूरच्या खताचा इतिहास पाहावा. १९२४ साली इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि गोमूत्र मुरलेली माती यांपासून खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये ती पुस्तकात मांडली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. शेतीच्या इतिहासात तिला मोठा मान आहे, पण माशांच्या पेटीत घडते तेही याच जातीचे काम. सडणाऱ्या पदार्थांतून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे आणि पाणवनस्पती एकत्र जगवून दाखवल्या, तेव्हा श्रेय वनस्पतींच्या प्राणवायूकडे गेले. नायट्रेट होण्यामागे सजीवांचा हात आहे हे श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवले ते १८७७ मध्ये.

ढिगाला हवा लागते म्हणून हॉवर्ड तो ठरावीक काळाने उलथायला सांगत, पेटीत ती सोय पंप करतो. नव्या ढिगात चालू ढिगातली बुरशी चढलेली सामग्री विरजण म्हणून पडे, नव्या पेटीत जुन्या फिल्टरचा स्पंज ठेवतात. पण सगळ्यांत बोलकी आहे ती राख. ढिगातले जास्तीचे आम्ल मारायला लाकडाची राख घालत. पेटीतही आम्ल होतेच: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचे नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. हातोदला ही राख जमिनीनेच पुरवली आहे. माळव्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असते आणि तेच पीएच घसरू देत नाही. म्हणून बोअरच्या जड पाण्याला सरसकट नावे ठेवणे मला चुकीचे वाटते.

यावर कुणी म्हणेल, अशा पाण्यात अमोनिया अधिक मारक ठरतो. ते खरेच आहे. २५ अंश तापमानात पीएच ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांहून अधिक, आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पण त्यावरून पाणी टाकाऊ ठरत नाही. जिवाणूंचा जम बसेपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, मासे थोडे आणि खाद्य बेताचे ठेवावे, एवढेच ठरते. पेटी रिकामी करून घासूनपुसून ठेवण्याची सवय मात्र घातक, कारण त्यात तो जमच धुतला जातो. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही तेच करतो, म्हणून ते पाणी दिवसभर उघडे ठेवावे किंवा त्यात हायपो घालावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खतातले नायट्रेट पीक उचलते, पेटीतले साचत राहते. इथे दोन्ही वाटा वेगळ्या होतात खऱ्या, आणि म्हणूनच आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते. पण काढलेले पाणी मोरीत ओतू नका. अंगणातल्या झाडांना घाला, त्यातले नायट्रेट त्यांचे अन्न आहे.