महाल ते झीरो माईल, पायी

नागपूरला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता एक प्रश्न हमखास येतो, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे हो?" आणि आम्ही नागपूरकर गडबडतो. (त्यातून मी हुडकेश्वरचा, म्हणजे महालातल्या लोकांच्या मते अर्धाच नागपूरकर!) दीक्षाभूमी, फुटाळा, अजब बंगला अशी तीन नावं घेतो आणि लगेच रामटेक, पेंच, ताडोबा करत शहराच्या बाहेर पडतो. पुण्याच्या माणसाला हा प्रश्न कधी पडल्याचं ऐकिवात नाही :)

माझं आपलं एक मत आहे. नागपूर एका जागी उभं राहून दिसत नाही, आणि गाडीतून तर मुळीच नाही. ते ओळीने, पायी, पूर्वेकडून पश्चिमेकडे बघावं लागतं. महालातून निघायचं आणि झीरो माईलला थांबायचं. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. तेवढ्यात या शहराची तीनशे वर्षं येऊन जातात.

गेल्या २६ जानेवारीला आम्ही चौघं हे चाललो. मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई. कल्पना खरं तर आईची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं होतं. तिचं माहेर महालातलं. "त्याच्या आधी एकदा महालातून बर्डीपर्यंत पायी जायचंय," एवढंच ती म्हणाली. कारण आम्ही विचारलं नाही. २६ तारीख मी निवडली, कारण सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य लोकांसाठी तो वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट.

हुडकेश्वरहून महालापर्यंत ऑटो. वाटेत सक्करदरा लागलं तेव्हा मी लेकीला सांगितलं, "हे आधी एक गाव होतं बरं का." आणि इथूनच आमचा इतिहासाचा तास सुरू झाला.

नागपूर नावाचं शहर पूर्वी नव्हतंच. होत्या त्या बारा वाड्या. त्यांना मिळून राजापूर बारसा म्हणत. राजापूर, रायपूर, हिवरी, हरिपूर, लेंढ्रा, फुटाळा, भानखेडा, सक्करदरा, सीताबर्डी वगैरे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास या वाड्यांमध्ये रस्ते आखले, त्या जोडल्या, आणि शहर वसवलं. गंमत बघा, यातली बरीच नावं आजही ऑटोवाल्याला सांगता येतात. जुन्या कोडमध्ये असंच होतं. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो, त्याने कशासाठी लिहिलं हे कुणाला आठवत नाही, पण त्याने ठेवलेलं नाव मात्र कुणी बदलत नाही. बदललं तर काय मोडेल याचा भरवसा नसतो ना!

महालात उतरून आधी तर्री पोहे खाल्ले (इतिहास उपाशीपोटी होत नाही). मग चालायला सुरुवात.

बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान. त्याने राजधानी देवगडहून इथे आणली, शहराभोवती तीन मैलांची भिंत बांधली आणि एक मोठा तलाव केला, जुम्मा तलाव. तो गेल्यावर वारसांमध्ये भांडणं लागली. राणीने मदतीला बोलावलं वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना. ते आले, भांडण मिटवलं, परत आले, आणि १७४३ पर्यंत राज्य त्यांच्या हातात होतं. गोंड राजाला त्यांनी मारलं नाही की हाकललं नाही. त्याची पदवी कायम ठेवली, नेमणूक बांधून दिली आणि त्याच्याच शहरात त्याला राहू दिलं. थोडक्यात, पेन्शन.

ही पेन्शनची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

भोसल्यांचा जुना वाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा होता. १८६४ च्या आगीत तो गेला. जुनी गॅझेटिअर सांगतात की नगारखाना तेवढा वाचला. आई गल्लीगल्लीत थांबत होती. "इथे विहीर होती. इथे आमची गिरणी, पिठाची." मी इतिहास सांगत होतो आणि लेक आजीचं ऐकत होती. साहजिक आहे, आजीच्या इतिहासात माणसं होती.

तिथून गांधी गेट. मूळ नाव जुम्मा दरवाजा, चांद सुलतानाच्या भिंतीचा. रोज हजारो स्कूटर त्याच्या बाजूने जातात. २४ डिसेंबर १८१७ ला जनरल डव्हटनच्या इंग्रज फौजेने या दरवाजावर हल्ला केला आणि तो फसला. शहराचे धनी आप्पासाहेब भोसले आठ दिवसांपूर्वीच, १६ डिसेंबरला, इंग्रजांच्या स्वाधीन झाले होते. लढत होते ते त्यांच्या पदरचे अरब शिपाई. राजा शरण गेला तरी चाकर लढतायत! शेवटी अटी ठरल्या आणि ३० डिसेंबरला अरब आपली बायकामुलं घेऊन शहराबाहेर पडले. लेकीने विचारलं, "मग ते राहायला कुठे गेले?" मला सांगता आलं नाही. दरवाजा कुणी जिंकला हे पुस्तकात असतं, त्यातून बाहेर पडलेली पोरं रात्री कुठे झोपली हे नसतं.

दरवाजातून पुढे गेलं की जुम्मा तलाव. पुढे त्याचा शुक्रवारी तलाव झाला, आता गांधीसागर. काठावर आई जरा टेकली. समोरच एम्प्रेस मिलची जागा.

जमशेटजी टाटांनी ही मिल मुंबई सोडून नागपूरला काढली. त्या काळच्या कापड धंद्यातल्या लोकांना हा वेडेपणा वाटला. पण त्यांचा हिशोब सरळ होता : कापूस आजूबाजूला पिकतो, रेल्वे १८६७ मध्ये आलेली आहे. जागा मिळाली ती तलावाजवळची दलदलीची. आधी भर टाकावी लागली. एका सावकाराने तेव्हा कर्ज नाकारलं, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून, अशी गोष्ट सांगतात. १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. १८८६ मध्ये इथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई. आपल्याकडे असले कायदे व्हायच्या कितीतरी आधी.

माझे आजोबा, आईचे वडील, इथे सूत कातायच्या खात्यात होते. आई दहा-अकरा वर्षांची असताना महालातून रोज त्यांचा डबा घेऊन यायची. पायी, जुम्मा दरवाजातून, तलावाच्या काठाने. "भोंग्याच्या आत पोचावं लागे. उशीर झाला की बाबा उपाशी." तिला एम्प्रेस मिल म्हणजे राणी आठवत नाही, टाटा आठवत नाहीत. आठवते ती चटचट चालायची सवय आणि डब्याचा कडीला लागणारा चटका. मिल २००२ मध्ये बंद पडली. आता तिथे एम्प्रेस सिटी आहे, मॉल आहे. राणीच्या पदवीवरून पडलेलं नाव राणी गेली, मिल गेली, तरी टिकून आहे. सूत कातणाऱ्यांचं नाव कशालाच दिलेलं नाही. आई मॉलकडे बघत म्हणाली, "गेट इकडे नव्हतं." बस्स, आणि उठली.

कॉटन मार्केट, लोहापूल, आणि आलो बर्डीला. आई आणि बायको टेकडीच्या गणपतीपाशी बसल्या. मी आणि लेक किल्ल्याच्या रांगेत.

मुळात इथे किल्ला नव्हता, दोन टेकड्या होत्या, एक मोठी, एक छोटी. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी लढाई जुंपली. इंग्रजांचे सुमारे चौदाशे, भोसल्यांचे अठरा-वीस हजार. रेसिडेंट जेंकिन्स होता, फौजेचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल स्कॉट. २७ च्या सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली, तोफ फिरवली, आणि इंग्रजांचं संपल्यातच जमा होतं. मग कॅप्टन फिट्झजेराल्डचे घोडेस्वार तुटून पडले, छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि दुपारपर्यंत सगळं उलटलं. इंग्रजांचे ३६७ मेले किंवा जखमी झाले. किल्ला त्यानंतर बांधला, तोही इंग्रजांनी.

वर उभं राहिलं की एक गोष्ट डोक्यात पक्की बसते : महाल इतका जवळ आहे! शहराची सत्ता महालातून बर्डीला गेली असं आपण वाचतो. म्हणजे किती लांब गेली? आईच्या दुखऱ्या गुडघ्यांनी एका सकाळी चालून येईल एवढी.

पुढचं थोडक्यात. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, मुलगा नव्हता, डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकायला काढले ते इथेच, सीताबर्डीला. जवाहीर कलकत्त्याला. आणि राजघराण्याला? बरोबर ओळखलंत, पेन्शन. भोसल्यांनी गोंडांना जे दिलं तेच शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यांना मिळालं.

खाली उतरून आईला घेतलं आणि किल्ल्याला वळसा घालून मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटकडे निघालो. तिथे गोवारी शहीद स्मारक आहे. पाहुण्यांना दाखवायच्या यादीत मी ते कधी घेतलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघालेला. गुरं राखणारी माणसं, गावोगावहून आलेली, बायकामुलांसकट. मागणी एकच : अनुसूचित जमातीच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलंय ते आम्हीच, आम्हाला तसं माना. मोर्चा अडवलेला, संध्याकाळ झालेली, पोलिसांचा लाठीमार, पळापळ, चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि लहान मुलं जास्त. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, आणि १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला : गोवारी वेगळे, गोंड गोवारी वेगळे.

कायद्याचा कीस मी पाडणार नाही, तो माझा विषय नाही. मला खटकलं ते एवढंच की एका गोंड राजाने वसवलेल्या शहरात, २९२ वर्षांनी, 'आम्हीही गोंडांतले' हे सांगायला आलेली माणसं अशी मेली. तीही आमच्यासारखीच घरच्यांना घेऊन या रस्त्याने चालत आली होती. त्यांना शहर बघायला वेळ नव्हता. लेकीने विचारलं, "माझ्याएवढी मुलं पण होती?" आईने तिचा हात धरला आणि "हो" म्हणाली. मला तेवढंही जमलं नसतं.

शेवटी झीरो माईल. चार घोडे आणि खांब. हा भारताचा मध्य, असं शाळेत शिकलो, पाहुण्यांनाही तसंच सांगतात. खांब मात्र असं काही म्हणत नाही. तो १९०७ चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमाण बिंदू आहे. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलीय, १०२०.१७१ फूट, आणि गावांची अंतरं : कवठा ६२ मैल, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. हे सर्वेक्षण मद्रासेहून सुरू करणारा लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरला येता येता हिंगणघाटला वारला. फुटाचा हजारावा भाग मोजणारी ही माणसं, त्यांच्या दगडाला आपण 'साधारण मध्यावर' म्हणून टाकलं. इंजिनिअर म्हणून मला याचं जरा वाईट वाटतं.

लेकीने सगळी नावं वाचून काढली. "यात हुडकेश्वर नाही."

कसं असेल? हुडकेश्वर अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायत होतं. शेतं होती, मग लेआउट पडले, मग महापालिका आली. बारा वाड्यांनंतरची आमची ही एक. आमचा लेआउट ज्या शेतात पडला त्या शेताच्या जुन्या मालकाच्या नावाने भाजीवाला अजून पत्ता सांगतो. ते गृहस्थ आमच्याच ओळीत एका प्लॉटवर राहतात, सकाळी फिरताना दिसतात. आमच्या घराखाली काय पिकायचं हे मी त्यांना इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात विचारलं. गहू, आणि बांधावर तूर.

आईचं ऑपरेशन नीट झालं. ती आता घरात काठी न घेता चालते, आणि लेकीला रोज थोडी थोडी मिलच्या वाटेची गोष्ट सांगते. मी लिहून घेतोय.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळी आठच्या आत महालात पोचा, उन्हाळ्यात जाऊ नका, पाणी बरोबर घ्या. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला नक्की न्या. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या.